खराब पिशवीचा फोटो

आमच्या ग्रुपवर सकाळी फुलं, देव, सुविचार असलं काही येत नसे. यायचे ते सडक्या पेंढ्याचे फोटो. कुणाच्या पिशवीत हिरवी बुरशी, कुणाच्या पिशवीत काळं पाणी, कुणाच्या पिशवीवर बारीक माश्या. माझ्या मुलीनं एकदा चुकून तो ग्रुप उघडला आणि फोन माझ्याकडं फेकून म्हणाली, "आई, शी! हे काय बघत बसतेस तू?"

मी नावड्याच्या वसाहतीत राहते. आम्ही दहा-बारा बायका घराघरात धिंगरी पिकवायचो. धिंगरी म्हणजे शिंपल्यासारखी दिसणारी अळंबी. तिला शेत लागत नाही. भिजवलेला पेंढा, त्यात पेरायचं बियाणं, प्लास्टिकची पिशवी आणि थोडी अंधारी, दमट जागा, एवढ्यावर ती येते. वन बीएचकेत बाकी कशाची कमी असली तरी अंधार आणि दमट हवा भरपूर असते.

याच्या आधी मी महाप्याला एका मसाल्याच्या कंपनीत होते. लॅबमध्ये. हळदीत ओलावा किती, तिखटात बुरशी आहे का, हे बघायचं काम. मग कंपनीनं अख्खं युनिट दुसऱ्या राज्यात नेलं. आम्हाला म्हणाले, "तुम्हीपण या ना." जशी काही आम्ही पाठीवर घर घेऊन फिरणारी माणसं. नवऱ्याची नोकरी तळोज्यात, मुलं इथल्या शाळेत. मी घरी बसले. त्याच सुमारास माझ्या मोठ्या दिरांचंही काम गेलं. ते आयटीवाल्यांच्या बसवर ड्रायव्हर होते. लोक घरून काम करायला लागले आणि बस रिकाम्या धावायला लागल्या, मग धावेनाशा झाल्या.

सुरुवात जाऊबाईंनी केली, हे मला कबूल करावंच लागेल. त्या तळवलीला राहतात, गावठाणातल्या एका जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत, भाड्यानं. साताऱ्याकडं माहेरी गेल्या होत्या, तिथं त्यांच्या चुलतभावाच्या बायकोनं गोठ्यात धिंगरी लावलेली त्यांनी पाहिली आणि येताना एसटीत बियाण्याच्या बाटल्या मांडीवर घेऊन आल्या. अर्ध्या स्वतःला ठेवल्या, अर्ध्या मला दिल्या. त्यांच्या उगवल्या. माझ्या सगळ्या सडल्या. चार दिवस घरात असा वास, की नवरा दारातूनच म्हणायचा, "काय मेलंय का आत?"

मी जाऊबाईंना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला.

"पेंढा पिळून बगितलास का?"

"पिळला की."

"मग पिशवीच्या तळाला पानी कसं? मुठीत धरला की हात नुसता वला व्हायला पायजे. थेंब पडला न्हाई पायजे. आणि अशी तोंड पाडून बसू नगंस, माझ्याबी दोन गेल्यात."

त्यांनी त्यांच्या दोन गेलेल्या पिशव्यांचा फोटो पाठवला. त्या फोटोनं मला जेवढा धीर आला तेवढा त्यांच्या उगवलेल्या धिंगऱ्यांच्या फोटोनं आला नव्हता.

पुढं इतर बायका जोडल्या गेल्या तेव्हा मी एकच नियम घातला. आमच्या लॅबमध्ये नियम होता, की जे चुकलं ते आधी लिहायचं, ज्यानं चुकवलं त्यानंच लिहायचं, आणि त्याबद्दल त्याला कुणी बोलायचं नाही. कारण तो लपवायला लागला तर खराब माल बाजारात जातो. तोच नियम मी ग्रुपवर आणला. आधी खराब पिशवीचा फोटो, मग चांगल्या पिशवीचा. सुरुवातीला बायका लाजायच्या. मग अशा सरावल्या, की एक जण खराब पिशवी सापडली नाही म्हणून सॉरी म्हणाली.

जे काही शिकलो ते त्या खराब पिशव्यांतून. पेंढा उकळायचा म्हणजे गॅस जाळायचा, आणि गॅस परवडत नव्हता. एकदा जाऊबाईंच्या घरमालकीण काकूंनी मदत म्हणून त्यांचा पेंढा अंगणातल्या पिंपात भिजत घातला. काकू मूळच्या तळवलीच्या, आगरी. त्यांचे यजमान रंगकामाची कंत्राटं घ्यायचे. दुसऱ्या दिवशी काकू धावत आल्या.

"अगो, त्या पिपान चुना व्हता गो! माज्या ध्यानानच नाय राहिला. सगला पेंढा फुकट गेला तुजा."

जाऊबाईंनी तो फोटोही ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, फेकते. मी म्हटलं, थांबा. चुन्याच्या पाण्यात बुरशी जगणं अवघड, एवढं मला कंपनीच्या दिवसांपासून माहीत होतं. धिंगरी जगेल की नाही ते माहीत नव्हतं. तो पेंढा निथळून, सुकवून आम्ही भरला. ती सगळ्यात चांगली तोडणी निघाली. मग चुना किती, पाणी किती, किती वेळ, हे प्रत्येकीनं आपापल्या बादलीत करून बघितलं. कुणाचं कमी पडलं, कुणाचं जास्त झालं. महिन्याभरात उकळणं बंदच झालं. एकट्या बाईला हे शोधायला दोन वर्षं लागली असती, आणि त्याआधीच तिच्या नवऱ्यानं पिशव्या जिन्याखाली नेऊन टाकल्या असत्या.

माझ्या समोरच्या दारातली मैत्रीण मूळची परभणीकडची. ती घरात पाळणाघर चालवते. तळोज्याच्या कारखान्यांत आणि गोदामांत जाणाऱ्या बायकांची मुलं तिच्याकडं असतात. तिच्या भावानं गावाहून सोयाबीनचा भुसा पाठवला, कुणीतरी टेम्पोवाला ओळखीचा होता त्याच्याबरोबर. आम्ही तो पेंढ्यात मिसळला तर माल वाढला. उरलेल्या, न खपलेल्या धिंगऱ्या ती गच्चीवर वाळवायची, मिक्सरमध्ये बारीक करायची आणि मुलांच्या थालीपिठात घालायची. मुलांना पत्ता लागत नसे. "डाळ महाग झाली की याच्यावर भागतं माझं," ती म्हणायची. कुणाला फार काही केल्यासारखं वाटत नव्हतं. पण त्या खोलीतली मुलं दुपारी नीट खात होती आणि ते आम्ही पिकवलेलं होतं. मी मसाल्याच्या कंपनीत इतकी वर्षं काढली, तिथं कुणाचं पोट भरताना मी कधी बघितलं नव्हतं.

मग आमच्याकडं समन्वयक आले.

महाप्याला एका चकचकीत इमारतीत त्यांच्या संस्थेचं ऑफिस होतं. माणूस वाईट नव्हता. तरुण, मऊ बोलणारा, सगळ्यांना ताई म्हणणारा. पाळणाघरातल्या एका मुलाची आई त्यांच्या इमारतीत साफसफाईला होती, तिच्याकडून त्यांना कळलं. ते आले, पेंढ्याला हात लावून बघितला, चुन्याची गोष्ट ऐकून थक्क झाले. "तुम्हाला कल्पना नाहीये तुम्ही काय केलंय," ते म्हणाले. "याला नेटवर्क म्हणतात. शहरात अन्न, शहरातच पिकवलेलं, शहरातल्याच लोकांसाठी. हे देशभर गेलं पाहिजे."

मला आनंद झाला. कडू तोंडानं हे लिहिताना तो आनंद खोटा होता असं म्हणायची सोय नाही. आम्हाला महाप्याला बोलावलं, एसी हॉलमध्ये बसवलं, पडद्यावर आमचे फोटो दाखवले. गोल गोल काढून बाणांनी जोडले होते आणि त्या एकेका गोलात आम्ही होतो. जाऊबाई माझ्या कानात म्हणाल्या, "मी कुठल्या गोलात हाय गं?" आम्ही तोंडावर पदर आणि ओढण्या धरून हसलो.

लोखंडी रॅक आले. पाण्याचा धूर सोडणारी यंत्रं आली. वाळवायचं मशीन आलं, ते माझ्या मैत्रिणीच्या पाळणाघरात ठेवलं. बियाणं बाहेरून आणायचं नाही, आपणच करायचं असं ठरलं, आणि ते जाऊबाईंच्या घरी करायचं ठरलं, कारण दोनपैकी एक खोली त्या मोकळी करून देणार होत्या. मोठा कुकर आला, काचेची पेटी आली. ज्वारी शिजवायची, बाटलीत भरायची, कुकरमध्ये तापवायची, मग पेटीत हात घालून दिव्याच्या ज्योतीजवळ त्यात धिंगरीचा तुकडा सोडायचा. हे मी त्यांना शिकवलं. आठवडाभर रोज तळवलीला जात होते. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर. मला अभिमान वाटला त्यांचा. संस्थेनं त्यांना पद दिलं, मानधन दिलं. दीर घरीच होते, ते बाटल्या धुवायचे.

आणि एक अ‍ॅप आलं. प्रत्येक घराला त्यात रंग. माल चांगला असला की हिरवा, जेमतेम असला की पिवळा, खराब असला की लाल. लाल झालं की पुढचं बियाणं थांबणार, रॅक दुसरीकडं जाणार. जुना ग्रुप समन्वयकांनी आपल्याकडं घेतला, ते अ‍ॅडमिन झाले, आणि पैसे देणाऱ्या कंपनीची, दिल्लीची, कुठली कुठली माणसं त्यात आली.

खराब पिशवीचा फोटो कुणी बंद करा म्हणालं नाही. तो आपोआप बंद झाला. आधी एक जण थांबली, मग दुसरी. मग ग्रुपवर फक्त टोपल्या भरून धिंगऱ्या आणि हात जोडलेले, टाळ्या वाजवणारे हात.

मी मीटिंगमध्ये उठून बोलले. म्हटलं, "सर, हे रंग काढा. नाहीतर निदान खराब फोटो टाकणारीला लाल करू नका. आम्ही तेवढ्यावरच शिकलोय."

"ताई, तुमचा मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले, "पण ग्रुपवर फंडर्स आहेत. रोज उठून बुरशी बघितली तर त्यांना काय वाटेल? प्रॉब्लेम असेल तर मला पर्सनलला टाका ना."

"तुम्हाला टाकून काय करू? तुम्ही थोडेच पेंढा भिजवता?"

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मी जाऊबाईंकडं बघितलं. त्या फोनमध्ये बघत होत्या. परत येताना बसमध्ये मी विचारलं, "ताई, तुम्ही का नाही बोललात?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुला बोलायला काय जातंय? तुझ्या घरात पगार येतोय." मला ते लागलं. पण ते खरं होतं.

पुढं पाहुण्यांचा दौरा ठरला. दिल्लीहून लोक येणार, घरं बघणार, त्यावर पुढची मदत ठरणार. सगळ्यांनी एकदम पिशव्या भरायच्या, म्हणजे त्या दिवशी सगळीकडं बहर असेल. जाऊबाईंनी बाटल्या वाटल्या. आम्ही भरल्या.

थोड्या दिवसांनी माझ्या पिशव्यांत हिरवे ठिपके दिसायला लागले. मी आधी जाऊबाईंना फोन केला. "तुमच्याकडं काही दिसतंय का?"

"न्हाई गं. तुझा पेंढाच खराब आसंल. चुना बदल."

मी चुना बदलला. पेंढा बदलला. उरलेल्या बाटल्यांतून नव्या पिशव्या भरल्या. पुन्हा तेच, आणि आधीपेक्षा लवकर. तेव्हा मी जुन्या सवयीनं पिशवीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, कुणाला असं दिसतंय का. चहा गाळेपर्यंत फोटो गायब. अ‍ॅडमिननं डिलीट केला होता. मला वेगळा मेसेज आला, "ताई, प्लीज, पाहुणे येऊन जाऊ देत. मग आपण निवांत बघू."

मी चप्पल घातली आणि आधी समोरच्या दारात गेले. पाळणाघरात मुलं झोपलेली. मी मैत्रिणीला हळूच विचारलं, "तुझ्या पिशव्या कशायत?"

"ठीक आहेत."

"दाखव."

तिनं मला हात धरून बाथरूममध्ये नेलं. उलट्या बादल्यांखाली पिशव्या होत्या, हिरव्यागार. "मला वाटलं माझ्याच्याने काहीतरी चुकलं," ती म्हणाली. "मुलांच्या गडबडीत हात धुतले नसतील नीट. लाल केलं तर वाळवायचं मशीन नेतील ना गं."

तिथून मी दुसऱ्या बिल्डिंगमध्ये गेले, तिथून तिसऱ्या. एकीनं पिशव्या दिवाणाखाली ढकलल्या होत्या आणि वर चादर जमिनीपर्यंत सोडली होती. एकीनं गच्चीवर टाकीच्या मागं. एक जण दार उघडून मला बघताच रडायलाच लागली. प्रत्येकीला वाटत होतं, की आपण एकट्याच घाणेरड्या, आपलाच हात वाईट. प्रत्येकीनं ग्रुपवर जुन्या टोपल्यांचे फोटो टाकले होते. जिना चढत-उतरत मी प्रत्येकीला तेच सांगत होते, "तुझं काही चुकलेलं नाही. सगळ्यांकडं आहे." आणि प्रत्येकीच्या चेहऱ्यावर आधी सुटल्यासारखं यायचं, मग भीती.

सगळ्यांकडं आहे याचा अर्थ मला पहिल्या दोन घरांतच कळला होता. पेंढा वेगळा, पाणी वेगळं, हात वेगळे. सारखं एकच होतं, ते बियाणं.

मी तळवलीला गेले. दीर ओट्यावर बसले होते, म्हणाले, "ये, चहा टाकायला सांगतो." मी सरळ मागच्या खोलीत गेले. जाऊबाई पेटी पुसत होत्या.

"ताई, बाटल्यांत हिरवं होतं का?"

त्यांनी पुसणं थांबवलं नाही. "काय हिरवं?"

"मी सगळ्यांच्या घरी जाऊन आलेय."

तेव्हा त्यांनी फडकं खाली ठेवलं. "थोड्या बाटल्यांत होतं. त्या मी काढून टाकल्या. ज्या पांढऱ्या फेक दिसत व्हत्या तेवढ्याच दिल्या तुमाला. माझ्या लेकरांची शपथ."

मला त्यांचं खरं वाटलं. अजूनही वाटतं. पण एका कुकरमधून निघालेल्या, एका पेटीत भरलेल्या बाटल्या. काहींत दिसलं म्हणजे बाकीच्यांत यायचंच होतं. हे त्यांना मी शिकवलं होतं. आणि त्यांना ते आठवत होतं, कारण त्या माझ्या डोळ्यांत बघत नव्हत्या.

"तेव्हाच का नाही सांगितलंत? एक फोटो टाकला असता, सगळ्या थांबल्या असत्या. पेंढा वाचला असता, कष्ट वाचले असते."

"आणि मग? माझं लाल झालं आसतं. हे सगळं उचलून नेलं आसतं. ह्यांना बाटल्या धुवायचं तरी काम हाय, दोन म्हैने झाले दारूकडं बगितलं न्हाई त्यांनी. ते तू बगतीस का?" त्यांचा आवाज चढला, मग बाहेर दीर आहेत हे आठवून खाली आला. "पाहुणे येऊन जाऊ देत. सर म्हनलेत, ते बगतो."

म्हणजे सरांना माहीत होतं.

"ताई, तुम्ही सांगा सगळ्यांना. संध्याकाळपर्यंत. त्या बायका अजून नव्या पिशव्या भरतायत, स्वतःला दोष देतायत. तुम्ही सांगितलंत तर कुणी काही बोलणार नाही, माझा शब्द. नाहीतर मी सांगेन."

"सांग की," त्या म्हणाल्या. "तुला तेच पायजे. तू शिकलेली ना."

संध्याकाळ झाली, दिवे लागले, त्यांचा मेसेज आला नाही. मी एकेकीला फोन केला आणि सांगितलं, की बियाणं खराब आहे, बाटल्या उघडू नका, खोली चुन्यानं धुवून घ्या. जाऊबाईंचं नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, बियाणं एकाच घरातून येत होतं.

पाहुणे ठरल्या दिवशी आले. मला बोलावलं नव्हतं. ग्रुपमधून मला आधीच काढलं होतं, काढल्याचं साधं कारणही न देता. पण काकूंनी मला फोन केला, कुजबुजत. "अगो, सकाली टेंपो आला पुन्याकरनं. बहरलेल्या पिशव्या उतरवल्या. तुजे जावेचे खोलीन टांगल्यान. आमी काय विचारनार?" दुपारी संस्थेच्या स्टेटसवर फोटो. जाऊबाई नव्या साडीत, मागं दुसऱ्या कुणाच्या तरी धिंगऱ्यांचे घोस, आणि त्या पाहुण्यांना चुन्याचं पिंप दाखवतायत. खाली लिहिलं होतं, समूहातून जन्मलेला शोध. मी तो फोटो मोठा करून बघितला. त्या हसत नव्हत्या. हात पिंपाच्या काठावर घट्ट धरला होता.

ते वाक्य खोटं नव्हतं, हेच मला जास्त सलतं. शोध समूहातूनच जन्मला होता. समूह मात्र तोवर उरला नव्हता.

मदत पुढं मिळाली, पण ती दुसऱ्या शहरात, मोठ्या शेडमध्ये गेली, जिथं कामाला माणसं ठेवली आहेत आणि चुन्याचं प्रमाण भिंतीवर छापून लावलंय म्हणे. आमच्याकडं यंत्रं परत न्यायलासुद्धा कुणी आलं नाही. रॅकवर आता बायका कपडे वाळत घालतात. काही महिन्यांनी मी आम्हा जुन्यांचा वेगळा ग्रुप करून बघितला. मी माझी खराब पिशवी टाकली. सगळ्यांनी पाहिली, दोन निळ्या खुणा आल्या, कुणी काही लिहिलं नाही. एकमेकींचं नुकसान बघायचा जो सहजपणा होता तो गेला तो गेलाच. माझ्या मैत्रिणीनं मला दोष दिला नाही, उलट समजावत राहिली. "जाऊ दे गं, मुलं काय, डाळ-भातावरपण वाढतात." पण मी तिच्या पातेल्यात डोकावून बघते. डाळ पातळ असते.

नवऱ्यानं मला विचारलं, "घरातली गोष्ट घरात नाही का ठेवता आली?" मी म्हटलं, "ती घरातली नव्हतीच. दहा घरांतली होती." तो म्हणाला, "दहा घरं सणाला येणार आहेत का आपल्याकडं?" बाटल्यांचं काम थांबल्यावर दिरांनी पुन्हा पिणं सुरू केलंय, हे मला त्याच्याच तोंडून कळलं, आणि तो ते सांगताना माझ्याकडं बघत होता.

आमचा गणपती आजवर मोठ्या दिरांकडं असायचा, गौरीही तिथंच. मी आदल्या दिवशी तळवलीला जायचे, दोघी मिळून पुरण वाटायचो. यंदा बोलावणं आलं नाही. नवरा दोन दिवस फोनकडं बघत राहिला आणि मग नाक्यावरून एक लहानशी मूर्ती घेऊन आला. आरतीला शेजारचे आले. कुणीतरी विचारलं, "अरे वा, यंदा तुमच्याकडं?" नवरा निरांजन पुसत म्हणाला, "हो, तिकडं जागा लहान पडते, म्हणून म्हटलं वेगळा करू." मी आत जाऊन मोदक ताटात लावायला घेतले. मैत्रीण मदतीला आली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि दुसरं ताट पुढं ओढलं.